गोळ्या नेतात, पण घेतात का? फार्मासिस्टला हे ओळखायचं कसं

काउंटरवरून औषध दिलं की आपलं काम झालं असं वाटतं. पेशंट पिशवी घेऊन जातो, आपण पुढच्याची चिठ्ठी हातात घेतो, आणि त्या पिशवीतल्या गोळ्या खरंच पोटात जातायत का हे बघायला कोणीच नसतं. डॉक्टरला वाटतं घेतोय, घरच्यांना वाटतं घेतोय, आणि बऱ्याचदा पेशंटलाही अगदी मनापासून वाटत असतं की आपण तशा घेतोच की, एखादी राहिली तर राहिली.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये यावर एक मोठा रिपोर्ट काढला होता. त्यात म्हटलंय की दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांत, म्हणजे बीपी, डायबिटीस, दमा वगैरे, सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांत सुद्धा सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे काउंटरसमोर दोन माणसं उभी असतील तर त्यातल्या एकाचं कुठंतरी अडतंय. कोणाचं अडतंय आणि कुठं अडतंय, हे कळायची सगळ्यात चांगली जागा माझ्या मते फार्मसीचं काउंटर आहे, कारण डॉक्टरला पेशंट दोन-तीन महिन्यांनी दिसतो, आपल्याला दर महिन्याला दिसतो आणि तो किती दिवसांनी आला हे आपल्या रेकॉर्डमध्ये असतं.

एक केस सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. एक काका, रिटायर्ड, बीपीच्या तीन गोळ्या चालू, तिन्ही सकाळी, त्यातली एक लघवीची गोळी, म्हणजे जास्त लघवी करवून बीपी उतरवणारी. एक दिवस नवीन चिठ्ठी घेऊन आले, तिघांतली एक टेल्मिसार्टन, ती ४० मिलिग्रॅमची ८० झालेली. म्हणाले, बीपी उतरतच नाहीये म्हणून डॉक्टरांनी वाढवली. आता हे रोजच होतं, डोस वाढतात, आपण देतो. पण त्या दिवशी मी आधीच्या तारखा बघितल्या. पहिल्यांदा ३० गोळ्या नेल्या, त्यानंतर ४३ व्या दिवशी आले, त्यानंतर परत ८५ व्या दिवशी.

आता हा हिशोब कसा करतात ते बघू, कारण यालाच पीडीसी म्हणतात, प्रपोर्शन ऑफ डेज कव्हर्ड. नाव भारदस्त आहे पण आत काही नाही, ठराविक दिवसांपैकी किती दिवस माणसाकडे गोळी होती एवढंच मोजायचं. काकांचे ९० दिवस धरू. पहिल्या ३० गोळ्या १ ते ३० दिवस पुरल्या असत्या, मग १२ दिवस रिकामे, मग ४३ ते ७२, परत १२ दिवस रिकामे, मग ८५ ते ९० हे सहा दिवस. एकूण ६६ दिवस, भागिले ९०, म्हणजे साधारण ७३ टक्के. बहुतेक आजारांत ८० टक्क्यांच्या वर असलं तर ठीक असं धरायची पद्धत आहे, एचआयव्हीच्या औषधांसारख्या ठिकाणी त्याहून जास्त लागतं. ८० हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही, पण कोणाशी बोलायचं हे ठरवायला तो पुरतो.

पण मला त्या ७३ पेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. दोन्ही वेळेला गॅप बरोब्बर सारखा, १२ आणि १२. विसरणाऱ्या माणसाचा गॅप वेडावाकडा असतो, कधी तीन दिवस कधी वीस. सारखा गॅप म्हणजे माणूस काहीतरी ठरवून करतोय. आणि ३० गोळ्या ४२ दिवस पुरल्या म्हणजे आठवड्याला पाच गोळ्या. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस काका गोळ्या घेत नव्हते, आणि ते दोन दिवस ठरलेले होते.

काकांकडे परत येतो, पण आधी हे नीट सांगायला पाहिजे की औषध न घेणारे सगळे एका जातीचे नसतात. आपण सगळ्यांना "निष्काळजी" म्हणून एकाच पोत्यात घालतो आणि तिथंच सगळं चुकतं. काही जण खरोखर विसरतात. काहींना घ्यायची असते पण जमत नाही, बाटलीचं झाकण उघडत नाही, डोळ्यांना लेबल दिसत नाही, इनहेलर दाबणं आणि श्वास ओढणं एका वेळी होत नाही, किंवा पैसे पुरत नाहीत. आणि काही जण ठरवून घेत नाहीत. शिवाय एक चौथा गट आहे जो आपल्याला दिसतच नाही, ज्यांनी पहिली चिठ्ठीच कुठं दिली नाही, घडी करून पाकिटात ठेवली ती तशीच. ज्या फार्मसीत चिठ्ठी ऑनलाईन येते तिथं न नेलेली औषधं शेल्फवर पडून राहतात, त्या शेल्फकडे आठवड्यातून एकदा तरी बघा, तिथं आठवड्याभरापासून पडलेली बीपीची पहिली चिठ्ठी म्हणजे एक माणूस आहे ज्याचा उपचार सुरूच झालेला नाही.

ठरवून न घेणाऱ्यांबद्दल जरा जास्त बोलतो कारण त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. रॉब हॉर्न नावाच्या संशोधकानं १९९९ मध्ये याची एक फार साधी मांडणी केली. माणसाच्या डोक्यात एक तराजू असतो, एका पारड्यात "मला याची गरज आहे का" आणि दुसऱ्या पारड्यात "यानं मला काही होणार तर नाही ना". बीपी वाढलेलं असताना काही दुखत नाही, खुपत नाही, म्हणजे गरजेचं पारडं हलकं. आणि गोळी घेतल्यावर घोट्याला सूज आली, खोकला लागला, पोट बिघडलं, किंवा कोणीतरी सांगितलं की आयुष्यभराची सवय लागते, किडनी जाते, की दुसरं पारडं जड. अशा माणसाला मोबाईलमध्ये अलार्म लावून देणं म्हणजे रोज सकाळी आठवण करून द्यायची की बघ, तुला नको असलेली गोष्ट घ्यायची वेळ झाली. तो अलार्म चार दिवसांत बंद होतो. त्याला कोणीतरी बसून विचारायला पाहिजे की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते.

तर मग ओळखायचं कसं? तारखांवरून संशय येतो, खात्री होत नाही. पेशंट दुसरीकडून पण घेत असेल, हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होता तेव्हा तिथल्या गोळ्या मिळाल्या असतील, डॉक्टरनं मधे डोस अर्धा केला असेल आणि आपल्याला कळलंच नसेल. आणि याच्या उलटही होतं, दर महिन्याला न चुकता येणारा माणूस गोळ्या कपाटात साठवत असतो, मुलगा आणून देतो म्हणून येतात, खाल्ल्या जात नाहीत. म्हणून तारखेबरोबर डोळे आणि कान पण उघडे ठेवावे लागतात.

डोळ्यांना काय दिसतं? चिठ्ठीवर पाच औषधं आहेत आणि पेशंट म्हणतो या दोनच द्या. किंवा ३० च्या जागी १० द्या म्हणतो, आणि विचारलं तर म्हणतो आहेत घरी थोड्या. घरी थोड्या असायला नको आहेत, हिशोबाप्रमाणे परवाच संपायला पाहिजे होत्या. किंवा डोस वाढतोय, अजून एक गोळी वाढतेय, तरी रिपोर्ट तसाच. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. औषध लागू पडत नाही असं वाटलं की डॉक्टर वाढवतो, आणि जे आहे तेच घेतलं जात नाही हे त्याला सांगणारं कोणी नसतं. वाढत्या डोसची चिठ्ठी आणि तारखांमधे गॅप, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर हातातलं काम बाजूला ठेवून बोलाच.

अजून एक, चिठ्ठीशिवाय माणूस काय विकत घेतोय ते बघा. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ही बीपीची गोळी चालू आहे आणि तिसऱ्यांदा खोकल्याचं सिरप मागतोय, तर तो खोकला त्या गोळीचाच असू शकतो, या गटातल्या औषधांचा तो माहितीतला त्रास आहे, आणि सिरपनं तो जात नाही. डायबिटीसची मेटफॉर्मिन सुरू झाल्यावर पोटाची औषधं मागायला लागला, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन सुरू झाल्यावर अंगदुखीचं मलम मागायला लागला, तर हा माणूस पुढच्या महिन्यात ती गोळी सोडणार आहे असं समजून चला. त्यानं ती अजून सोडलेली नसते तेव्हाच त्याच्याशी बोलता आलं तर अर्धं काम झालं. मेटफॉर्मिनचा त्रास जेवणाबरोबर घेतल्यानं किंवा हळूहळू विरघळणारी गोळी दिल्यानं बऱ्याच जणांचा कमी होतो, खोकल्यासाठी डॉक्टर दुसऱ्या गटातलं औषध देऊ शकतात, म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो, फक्त कोणालातरी आधी कळायला पाहिजे.

पण खरी कसोटी प्रश्न विचारण्यात आहे. आपण सगळे काय विचारतो, "गोळ्या वेळेवर घेता ना?" त्या "ना" मधे उत्तर आधीच आलंय. त्या प्रश्नाला "नाही" म्हणायला माणसाला आपलाच गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं, तेही मागे चार लोक उभे असताना. तो "हो हो" म्हणणारच. त्याऐवजी असं विचारून बघा: "रोज एवढ्या गोळ्या म्हटल्यावर बऱ्याच जणांच्या अधूनमधून राहतात. गेल्या आठवड्यात तुमच्या साधारण किती राहिल्या असतील?" यात तीन गोष्टी झाल्या. राहतात हे आपणच आधी सांगितलं, त्यामुळे लाज गेली. एका आठवड्याचंच विचारलं, त्यामुळे आठवून सांगता येतं. आणि किती असं विचारलं, त्यामुळे हो-नाही मधे सुटका नाही. मग त्याच्या मागोमाग, "यातली कुठली गोळी घ्यायला नको वाटतं?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त कामाला आलाय, लोक बोट ठेवून दाखवतात, ही.

१९८६ मध्ये मोरिस्की, ग्रीन आणि लेव्हिन यांनी चार प्रश्नांची एक छोटी यादी छापली होती, ती आजही वेगवेगळ्या रूपात वापरतात. विसरता का, घेण्यात हयगय होते का, बरं वाटलं की बंद करता का, आणि घेऊन त्रास झाला की बंद करता का. मला त्यातले शेवटचे दोन जास्त मोलाचे वाटतात कारण विसरण्याबद्दल सगळेच विचारतात, "बरं वाटलं म्हणून सोडली का" असं क्वचितच कोणी विचारतं.

उत्तर ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवा. माणूस "राहते कधीकधी" म्हणाला तर विश्वास ठेवा, आणि बहुतेक वेळा तो सांगतो त्यापेक्षा जास्तच राहत असते. पण "सगळ्या घेतो" म्हणाला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. यात खोटेपणा असतोच असं नाही. लोकांना समोरच्याला वाईट वाटू द्यायचं नसतं. इनहेलरवर वेळ नोंदवणारं यंत्र बसवून केलेल्या १९९२ च्या एका अमेरिकन अभ्यासात असं सापडलं की काही पेशंटनी तपासणीला जायच्या आधी तीन तासांच्या आत इनहेलर १०० पेक्षा जास्त वेळा दाबला होता, म्हणजे डबी रिकामी दिसावी म्हणून. विचार करा, एखादा मोठा माणूस बसून १०० वेळा इनहेलर हवेत सोडतोय, फक्त डॉक्टर रागावू नयेत म्हणून. हे वाचल्यापासून मी कोणालाही गोळी चुकली म्हणून रागावणं सोडून दिलं. डॉक्टरकडे जायच्या आधीचे चार-पाच दिवस आणि नंतरचे चार-पाच दिवस लोक औषध जास्त नीट घेतात हे पण अनेकदा दिसून आलंय, त्यामुळे नेमकं तपासणीच्या दिवशी सगळं बरं दिसतं.

आणि "कसं घेता" हे तोंडी विचारून भागत नाही, करून दाखवायला सांगावं लागतं. २००६ मध्ये अमेरिकेत औषधाच्या लेबलवर एक अभ्यास झाला. लेबलवर साधं लिहिलेलं, दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा. कमी वाचता येणाऱ्या लोकांपैकी जवळजवळ ७१ टक्के लोकांनी ते बरोबर वाचून सांगितलं, पण दिवसाला किती गोळ्या घ्यायच्या त्या समोर काढून दाखवा म्हटल्यावर फक्त ३५ टक्के लोकांना जमलं. म्हणजे वाचलं, म्हणून दाखवलं, आणि तरी घरी जाऊन चार ऐवजी दोनच घेतल्या असत्या. म्हणून पेशंटला "समजलं का?" विचारू नका, त्यालाही "हो" हेच उत्तर येतं. असं म्हणा, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय, उद्या सकाळी उठल्यावर काय काय घेणार ते मला सांगा बरं." चूक निघाली तर ती आपल्या सांगण्याची, त्याच्या समजण्याची नाही, आणि हे पेशंटला आपल्या बोलण्यातूनच कळायला पाहिजे.

इनहेलरचं तर विचारूच नका. चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये आला, त्यात बरोबर पद्धतीनं इनहेलर घेणारे साधारण ३१ टक्के निघाले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नाही. हा पेशंट कागदावर शंभर टक्के औषध घेणारा असतो, तारखा चोख, डबी रिकामी, फक्त औषध घशात आणि जिभेवर बसतं, फुफ्फुसात जात नाही. डेमोचा रिकामा इनहेलर काउंटरखाली ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला सांगा, नवीन पेशंटलाच नाही, दहा वर्षं घेणाऱ्याला सुद्धा.

काही गोष्टी अशा आहेत की ज्यामुळे चांगला नियमित माणूस पण घसरतो, आणि त्या आपल्याला आधीच दिसत असतात. दिवसातून किती वेळा घ्यायचं ही त्यातली मोठी. २००१ च्या एका आढाव्यात, झाकणात चिप बसवलेल्या बाटल्या वापरून केलेल्या अभ्यासांची बेरीज केली होती, दिवसातून एकदा घ्यायचं औषध सरासरी ७९ टक्के घेतलं गेलं, दोनदा असेल तर ६९, तीनदा ६५ आणि चारदा ५१. चिठ्ठीवर दिवसातून चार वेळा दिसलं की समजा, निम्मं जाणार. डॉक्टरला फोन करून एकदाच घ्यायचा पर्याय आहे का विचारायला लाजू नका.

दुसरी गोष्ट गोळीचं रूप. कंपनी बदलली, औषध तेच, पण काल पांढरी गोल होती ती आज गुलाबी लांबट झाली. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या पेशंटवरचा २०१४ चा अभ्यास आहे, गोळीचा रंग बदलल्यावर औषध मधेच थांबण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढली आणि आकार बदलल्यावर ६६ टक्क्यांनी. आपण नुसतं पिशवीत टाकून देतो, घरी गेल्यावर ते माणूस म्हणतं ही माझी गोळी नाही आणि बाजूला ठेवतं, किंवा आणखी वाईट, जुनी आणि नवी दोन्ही घेतं. एक वाक्य बोलायला काय लागतं, "रंग बदललाय, औषध तेच आहे, जुनी संपली की ही सुरू करा."

तिसरी, सुरुवातीचे दिवस. नवीन औषधाचे पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात नाजूक. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात पण मळमळ पहिल्या आठवड्यातच येते, मग माणूस म्हणतो फायदा शून्य आणि त्रास मात्र आहे, आणि सोडतो. टीबीच्या रिफॅम्पिसिननं लघवी लालसर केशरी होते, कोणी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून बंद करतो. इंग्लंडमध्ये २०११ पासून यासाठी एक योजनाच आहे, न्यू मेडिसिन सर्व्हिस, त्यात ठराविक आजारांचं नवीन औषध सुरू झालं की फार्मासिस्ट साधारण एक ते दोन आठवड्यांत पेशंटशी बोलतो आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी परत बोलतो. त्यावर अभ्यास झाला तेव्हा दहा आठवड्यांनंतर औषध नीट घेणारे साधारण दहा टक्क्यांनी जास्त निघाले. दोन वेळा बोलणं, बाकी काही नाही. योजना असो नसो, नवीन गोळी दिलेल्या माणसाचा नंबर लिहून ठेवून दहाव्या दिवशी एक फोन करणं कोणालाही जमण्यासारखं आहे.

सगळ्यांच्या मागे लागणं शक्य नाही हे मला मान्य आहे, गर्दीच्या वेळी तर अजिबातच नाही. म्हणून कोणासाठी थांबायचंच हे ठरवून ठेवा. स्टेंट बसवल्यानंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, इन्सुलिन, ट्रान्सप्लांटनंतरची औषधं, टीबी, बरेच दिवस चालू असलेली स्टेरॉइड, यात गॅप दिसला तर तो उद्यावर ढकलायचा नाही. आणि मेथोट्रेक्सेट, सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती कोणी रोज घेतली तर जीवावर बेततं, म्हणून तिच्या गोळ्या लवकर संपल्या का, ती तारीख पण तेवढ्याच बारकाईनं बघायची. लवकर येणं हे पण चुकतंय याचंच लक्षण आहे.

आता सापडला असा पेशंट, पुढं काय? बहुतेक जण लगेच सात कप्प्यांचा डबा देतात. विसरणाऱ्याला तो चांगला आहे. पण ठरवून न घेणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही, आणि काही गोळ्या मूळ पाकिटातून काढून ठेवायच्याच नसतात, रक्त पातळ ठेवणारी डॅबिगाट्रान ओलाव्यानं खराब होते, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्या बाटलीतच ठेवायची.

पण मला ज्याची खरी भीती वाटते ते वेगळंच आहे. समजा माणूस सहा महिने निम्म्या गोळ्या घेत होता आणि त्यामुळे डॉक्टर डोस वाढवत गेला. आता आपण त्याला छान समजावलं, त्याला पटलं, आणि तो उद्यापासून चिठ्ठीवरचं सगळं अगदी नीट घ्यायला लागला. त्याचं बीपी किंवा शुगर धाडकन खाली येऊ शकते, चक्कर येऊन पडू शकतो. म्हणजे "उद्यापासून सगळ्या घ्या" हे वाक्य डॉक्टरशी बोलल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. काही औषधं तर थांबल्यावर परत त्याच डोसवर सुरू करताच येत नाहीत, मानसिक आजारावरची क्लोझापिन ४८ तासांपेक्षा जास्त चुकली तर परत अगदी छोट्या डोसपासून चढत जावं लागतं, फिटसाठीची लॅमोट्रिजिन बरेच दिवस बंद राहिली तर तसंच, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ यायचा धोका असतो.

म्हणून काकांची ८० ची चिठ्ठी मी लगेच भरली नाही. गर्दी कमी झाल्यावर त्यांना बाजूला खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, काका, आठवड्यातल्या कुठल्या दोन दिवशी गोळ्या राहतात? ते माझ्याकडे बघतच राहिले. तुम्हाला कोणी सांगितलं, म्हणाले. मग सांगितलं सगळं. मंगळवारी आणि शुक्रवारी ते बाहेर असतात, सकाळी निघतात ते दुपारी परत, प्रवास लांबचा, वाटेत लघवीला जायची सोय नाही. एकदा बसमध्ये फजिती होता होता राहिली, तेव्हापासून त्या दोन दिवशी लघवीची गोळी बंद. आणि तिन्ही गोळ्या एकाच डबीत, डॉक्टरांनी तिन्ही एकत्र घ्यायला सांगितलेल्या, मग एक घ्यायची नाही तर तिन्ही घ्यायच्या नाहीत असा त्यांनी अर्थ लावला होता. वर डॉक्टरकडे जायचा दिवस म्हणजे मंगळवारच, म्हणजे बीपी दर वेळी नेमकं गोळ्या न घेतलेल्या दिवशी मोजलं जात होतं. हे डॉक्टरांना का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, त्यांनी कधी विचारलं नाही, आणि असलं काय सांगायचं.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटांचं बोलणं झालं. ८० रद्द, ४० च चालू, बाकीच्या दोन गोळ्या रोज सकाळी, लघवीची गोळी बाहेर जायच्या दिवशी दुपारी घरी आल्यावर, आणि तीन आठवड्यांनी बीपी परत मोजायचं, मंगळवार सोडून. पुढच्या वेळी काका ३१ व्या दिवशी आले. हातात डॉक्टरांचा कागद होता, तो आधी माझ्यापुढं धरला, मग चिठ्ठी.

रेकॉर्डमध्ये त्यांच्या नावापुढं मी तेव्हा जे लिहिलं ते अजून तसंच आहे, म्हणजे माझ्या जागी दुसरं कोणी काउंटरला असलं तरी त्याला कळेल: "मंगळ, शुक्र बाहेर. लघवीची गोळी परत आल्यावर, ४ च्या आत. बाकी दोन सकाळीच. गॅप दिसला तर आधी प्रवासाचं विचारा."